ठेव त्याला आणि बाहेर ये

डोंबिवली पूर्व,
२३ नोव्हेंबर २०२५

चि. निखिल,

हॉस्पिटलमधून घरी निघायच्या दिवशी तू फोन केला होतास. आवाजात आनंद होता आणि थोडी चीडही होती. नर्सने म्हणे तुला आणि सायलीला बसवून एक व्हिडिओ दाखवला, बाळ कितीही रडलं तरी त्याला धरून हलवायचं नाही असं समजावलं आणि वर एका कागदावर सह्या घेतल्या. "आई, आम्ही काय राक्षस वाटलो का त्यांना?" असं तू म्हणालास. मी हसले. तिकडे अमेरिकेत सगळ्यालाच सह्या लागतात रे, असं काहीतरी बोलून विषय बारशाकडे वळवला.

फोन ठेवला आणि आपण हसलो याचीच लाज वाटली. त्या कागदावर जे लिहिलं होतं ते बत्तीस वर्षांपूर्वी मला कोणीतरी सांगायला हवं होतं. तुझ्याच बाबतीत.

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही, तुझ्या बाबांनाही नाही. आता एकदम मासिकालाच देते आहे. तुला विचारलं होतं, आणि तू न वाचताच 'खुशाल दे' म्हणालास. न वाचता हो म्हणायची ही तुझी जुनी खोड. तर आता वाच.

जुलै १९९३. तू सात आठवड्यांचा होतास. आपण रेल्वे लाइनच्या कडेच्या त्या दोन खोल्यांत राहत होतो. बाबांची सेकंड शिफ्ट, म्हणजे रात्री साडेबाराशिवाय दार वाजायचं नाही. आजी लावणीसाठी गावी गेलेली. चार दिवस पाऊस थांबला नव्हता. दोरीवर बारा लंगोट होते आणि त्यातला एकही कोरडा नव्हता. दिवेलागणीला तू रडायला लागलास. पाजलं, ढेकर काढला, लंगोट बदलला, पोटावर हिंगाचं बोट फिरवलं, खांद्यावर टाकून दोन खोल्यांतून शंभर येरझाऱ्या घातल्या. आठ वाजले, नऊ वाजले. रडणाऱ्या बाळाजवळ खूप वेळ एकटं असलं की एक क्षण असा येतो, की ते रडणं त्याचं राहत नाही. आपल्याला कोणीतरी शिव्या घालतंय असं वाटायला लागतं.

मी तुला दोन्ही काखांत धरून समोर उचललं आणि ओरडले, "काय हवंय तुला? काय हवंय?" माझी बोटं तुझ्या बरगड्यांवर आवळलेली होती. तुझी मान मागे पडली आणि पुढे आली. एकदाच. तू थांबलास, तोंड उघडं तसंच, आणि माझ्याकडे बघितलंस. मग दुप्पट जोराने रडलास.

मी तुला गोधडीवर ठेवलं, गॅलरीत गेले आणि मागे दार ओढून कडी घातली. पत्र्यावरचं पाणी पायांवर उडत होतं. दोन लोकल गेल्या, एक कल्याणकडे आणि एक व्ही.टी.कडे. गाडी जाईपर्यंत तुझं रडणं ऐकू यायचं नाही, तेवढीच विश्रांती. दुसरी गाडी गेल्यावर बघितलं तर हात थरथरायचे थांबले होते. आत आले. तू रडतच होतास, पण आता माझे हात माझे होते.

पुढची बत्तीस वर्षं मला वाटत राहिलं, की त्या रात्रीचा माझा गुन्हा म्हणजे दाराला घातलेली ती कडी. रडणाऱ्या लेकराला एकटं टाकून बाहेर उभी राहते ती कसली आई. आवळलेल्या बोटांचं मी स्वतःला माफ केलं होतं, 'वैतागले होते' म्हणून. कडीचं नव्हतं केलं. आणि तुझ्या त्या कागदाचा माग काढताना कळलं, की हिशेब नेमका उलटा होता. त्या रात्री मी केलेली एकच शहाणपणाची गोष्ट म्हणजे ती कडी.

सत्तावीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली, त्यामुळे एखादी गोष्ट खटकली की मुळाशी गेल्याशिवाय चैन पडत नाही. जे सापडलं ते असं.

इंग्लंडमध्ये हल नावाच्या गावी गुथकेल्च नावाचे मेंदूचे सर्जन होते. त्यांच्याकडे अशी तान्ही बाळं यायची ज्यांच्या डोक्यात रक्त साठलेलं असे, पण बाहेरून मार लागल्याची खूण नसे. त्यांनी आईबापांना हळुवारपणे विचारायला सुरुवात केली. एका घरातून उत्तर आलं, की रात्री रडत होता तेव्हा कदाचित हलवला असेल. मुलाला मारणं वाईट, हे त्या लोकांना कळत होतं. धरून हलवणं त्यांना मारण्याइतकं वाईट वाटत नव्हतं. १९७१ साली गुथकेल्चनी हे छापलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेत कॅफी नावाच्या मुलांच्या क्ष-किरणतज्ज्ञाने तेच सांगितलं. पुढे 'शेकन बेबी सिंड्रोम' हे नाव रूढ झालं. आता डॉक्टर वेगळं नाव वापरतात, कारण हलवण्याबरोबर आपटणंही अनेकदा असतं. आपल्याला नावाशी कर्तव्य नाही.

कर्तव्य आहे ते बाळाच्या मानेशी. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळपास चौथा हिस्सा असतं. त्या हिशेबाने तुझं डोकं दीड फुटाचं झालं असतं, आणि ते पेलायला मान मात्र वेलीच्या देठासारखी. आतला मेंदू मऊ, त्यात पाणी जास्त. बाळाला धरून जोराने मागेपुढे हलवलं की डोकं हिसके खातं आणि मेंदू कवटीच्या आत मागे राहून मग पुढे येतो. मेंदूवरून बाहेरच्या अस्तराकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणल्या जाऊन तुटतात. रक्त साठतं, सूज येते, श्वास अडखळतो, डोळ्यांच्या पडद्यावर रक्तस्राव होतो. याला काही सेकंद पुरतात. अशी दुखापत होऊन हॉस्पिटलात पोचलेल्या बाळांपैकी साधारण चारातलं एक दगावतं. वाचतात त्यांतल्या बहुतेकांना काही ना काही आयुष्यभर राहतं: अंधत्व, फिट्स, हातापायांचा ताठरपणा, शिकण्यातली अडचण.

यातलं मला सगळ्यात भयंकर वाटलं ते पुढचं. हलवल्यावर बाळ गप्प होतं. खरंच होतं. मेंदूला इजा झालेली असते म्हणून ते मलूल पडतं, आणि हलवणाऱ्याला वाटतं, उपाय लागू पडला. मग पुढच्या वेळी हात आपोआप तिकडेच जातो. नंतर उलट्या, पेंग, दूध न ओढणं, हे सगळं पोट बिघडल्यासारखं दिसतं, आणि डॉक्टरांना खरं सांगितलं जात नाही. कधीकाळी तुमच्यापैकी कोणाच्या हातून असं झालंच, किंवा दुसऱ्या कोणी केल्याचा संशय आला, तर लाज, अब्रू, पोलीस यातलं काही मनात न आणता ९११ फिरवा आणि काय झालं ते सरळ सांगा. तिथे गेलेला तास परत मिळत नाही.

आता तुझ्या डोक्यात जे आलं असेल ते माहीत आहे मला, तू लहानपणापासून वकिलासारखा उलटतपासणी घेतोस. ढेकर काढताना थोपटलं तर? मांडीवर झुलवलं तर? गाडी खड्ड्यातून गेली तर? नाही, त्याने हे होत नाही. तू स्वतः झोळीत हेलकावे खात झोपलास आणि मानपाड्याच्या रिक्षांतून डॉक्टरांकडे गेलास. यात लागतो तो मोठ्या माणसाचा संतापलेला जोर. फक्त आपल्याकडच्या काही मालिशवाल्या बाळाला पाय धरून उलटं लोंबकळवतात नि वर उडवतात, तो प्रकार तिकडे कोणी हौसेने सुचवला तर हात जोडून नको म्हण.

आणि हो, या निदानावर तिकडच्या कोर्टांत मोठे वाद झाले आहेत. निरपराध माणसंही यात अडकली असावीत, असं म्हातारपणी खुद्द गुथकेल्च बोलू लागले होते. रक्तस्राव दिसला की हलवलंच, असं धरून चालणं त्यांना पटत नव्हतं. तो वाद कोणी काय केलं हे मागाहून कसं ओळखायचं याचा आहे. तान्ह्या बाळाला हलवणं धोक्याचं नाही, असं म्हणायला त्यातून जागा मिळत नाही.

आता रडण्याविषयी. बाळ परवा तीन आठवड्यांचं होईल. तू म्हणतोस, आता कुठे रुळतंय. निखिल, ते अजून रडायलाच लागलेलं नाही. बाळाचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्याच्या आसपास कळसाला पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरतं. ब्रॅझल्टन नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञाने १९६२ साली छापलेल्या अभ्यासासाठी ८० बाळांच्या आयांकडून रडण्याच्या नोंदी ठेवून घेतल्या होत्या. सहाव्या आठवड्यात धडधाकट, पोट भरलेली बाळंही दिवसाला साधारण पावणेतीन तास रडत होती. त्यातलं बरंचसं संध्याकाळी. म्हणजे आपल्याकडे दिवेलागणीला बाळ रडतं ते बाहेरून काही आत आल्यामुळे, असं आजी म्हणायची, ती वेळ तरी तिने बरोबर हेरली होती.

हे मला १९९३ मध्ये कळलं असतं तर तुझ्या त्या रडण्यात मी माझं नापास होणं शोधलं नसतं. सातवा आठवडा होता रे तुझा! चढ संपून उतार लागायची वेळ. चारच आठवड्यांनी तू पंख्याकडे बघून हसायला लागलास.

रोनाल्ड बार नावाच्या डॉक्टरांनी बोट्स्वानामधल्या कुंग सान लोकांच्या बाळांवरही अभ्यास केला. ती बाळं दिवसभर आईच्या अंगावर असतात, तासातून कितीदा तरी दूध पितात, कुरकुरली की लगेच कोणीतरी घेतं. तरी सुरुवातीच्या महिन्यांत ती रडायची थांबत नाहीत. आपल्या ओळखीचा तो चढउतार तिथेही आहे, जवळपास तितक्याच वेळा रडतात. फरक एवढाच, की दर वेळचं रडणं बरंच आखूड असतं. म्हणजे रडणं माणसाच्या पिल्लाबरोबरच येतं. ते किती लांबेल, हे थोडंफार भोवतालच्या हातांवर असतं.

हात म्हटल्यावर मला आपली माणसं आठवतात. पहिलं बाळंतपण माहेरी, सव्वा महिना बाईने खोलीबाहेर यायचं नाही, हे नियम सुनेला कोंडण्यासाठीही वापरले गेले, मला त्याचे गोडवे गायचे नाहीत. पण त्या खोलीत हात भरपूर होते. मीठमोहरीने कुठलंही बाळ गप्प झालेलं मी पाहिलं नाही. दृष्ट काढायला आलेली शेजारीण मात्र नंतर अर्धा तास बाळाला मांडीवर घेऊन बसायची आणि बाळंतीण तेवढ्यात आंघोळ उरकायची. दृष्ट उतरायची ती अशी.

आणि जिथे हात नव्हते तिथे काय झालं, तेही ऐक. माझी आजी लालबागच्या चाळीत वाढली. ती बाळागोळीच्या गोष्टी सांगायची. गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफूची गोळी चाटवून कामावर जात, म्हणजे पाळी संपेपर्यंत मूल निपचित पडून राही. ब्रिटिशांच्या काळातल्या सरकारी पाहण्यांतही याच्या नोंदी आहेत. त्या बायांना दुष्ट म्हणायची माझी छाती नाही. दहा-दहा तास साच्यावर उभं राहायचं आणि घरी बघायला कोणी नाही. तिकडे नॉटिंगहॅममध्ये वुडवर्ड नावाच्या औषधवाल्याने १८५१ साली ग्राइप वॉटर काढलं, त्यातही तेव्हा दारूचा अंश असायचा. बाळ गप्प राहावं म्हणून माणसांनी काय काय पाजलं आहे! म्हणून सांगते, सर्दीचं गुंगी आणणारं सिरप नको, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कसलेच थेंब नकोत, आणि सायलीच्या मावशीने पाठवलेली गुटी मधात उगाळून तर अजिबात नको. वर्षाच्या आत मध द्यायचा नसतो.

तुझ्या कागदाकडे परत येते. गंमत अशी की तो तुमच्या बफेलोतच जन्मला. तिथल्या मुलांच्या हॉस्पिटलातले मेंदूचे सर्जन मार्क डायस यांनी १९९८ च्या डिसेंबरात आसपासच्या सगळ्या प्रसूतिगृहांत हा परिपाठ सुरू केला: घरी जाण्याआधी आईबापांना माहिती द्यायची, आणि समजलं म्हणून सही घ्यायची. साडेपाच वर्षांत ६५ हजारांवर सह्या जमल्या. अशा दुखापतींचं प्रमाण ४७ टक्क्यांनी उतरलं, असं २००५ साली त्यांनी छापलं. म्हणजे तुला राक्षस समजून कोणी पुढे केलेला कागद नव्हता तो. ६५ हजार घरांत गेलेला होता.

पण पुढचंही सांगायला हवं. तोच परिपाठ नंतर पेनसिल्व्हेनिया राज्यभर राबवला, आणि तिथे हॉस्पिटलात येणाऱ्या अशा बाळांची संख्या काही कमी झाली नाही. हेही डायस यांनीच प्रामाणिकपणे छापलं, २०१७ साली. का, याची मीमांसा तज्ज्ञ करोत. मला वाटतं, पहाटे तीन वाजता कागद ड्रॉवरमध्ये असतो आणि बाळ हातात.

आणि तुम्ही दोघंच आहात. सायलीच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं आत्ताच निघालं, माझ्या व्हिसाच्या मुलाखतीला फेब्रुवारीची तारीख मिळाली. बाहेर बर्फ. सायली दोन-दोन तासांनी पाजून थकलेली. तुझी रजा संपत आलेली. आणि तुला हे कोणी तोंडावर सांगणार नाही म्हणून आई सांगते: अशा घटनांत हलवणारे हात बहुतेकदा बापाचे, नाहीतर घरातल्या दुसऱ्या पुरुषाचे असतात. ते सगळे जन्मजात क्रूर नसतात. बायकोला जरा झोपू दे म्हणून बाळ घेऊन बसलेला, पाजता येत नाही, काय करावं सुचत नाही, सकाळी मीटिंग आहे, असा कोणीही असतो. तुझा स्वभाव शांत आहे हे मला माहीत आहे. माझाही शांतच समजला जायचा.

तर बाळ रडलं की आधी नेहमीचं सगळं बघ. भूक, ओलं, गार, गरम. अंगावरचे कपडे काढून एकदा पायाची बोटं बघ, सायलीचा लांब केस बोटाला गुंडाळला जाऊन करकचून बसलेला असू शकतो. ताप १००.४ किंवा त्याहून जास्त असेल, हिरवी उलटी झाली, दूधच ओढत नसेल, रडणं किंचाळीसारखं नेहमीपेक्षा वेगळं वाटलं, तर थांबू नका, डॉक्टर. यातलं काही नसेल तर उघड्या छातीवर घे, वर शाल पांघर. गाणं म्हण, तुझ्या आवाजाला नावं ठेवायचं त्याचं वय नाही. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लाव, तू मिक्सर लावला की गप्प व्हायचास.

हे सगळं करूनही ते रडेल. इथे तुम्ही शिकलेली मुलं फसता. प्रश्न आहे म्हणजे उत्तर असणारच, मला सापडत नाही म्हणजे मी कमी पडतोय, असं धरून तुम्ही आणखी जोर लावता. उत्तर नसतं बऱ्याचदा.

आणि दात आवळले जातायत, बोटं आवळली जातायत असं वाटलं, की त्याला पाळण्यात उताणं ठेव. उशी, पांघरूण, खेळणं काही नको आत, तुमचे डॉक्टर म्हणतात तसं. दार ओढ आणि बाहेर ये. पाचेक मिनिटांनी डोकावून बघ. अजून हात तुझे झाले नसतील तर परत बाहेर. पोट भरलेलं, कोरडं बाळ पाळण्यात दहा मिनिटं रडल्याने त्याला काही होत नाही. सायलीलाही हेच सांग, आणि ती कधी म्हणाली की मला या बाळाचा राग येतो, तर 'असं बोलू नये' म्हणू नकोस. आपल्याकडे आईने हे म्हणायची सोयच नाही, म्हणून मी बत्तीस वर्षं गप्प बसले. तिला ऐकून घे. आठवड्यामागून आठवडे ती उदासच राहिली, किंवा नको नको ते मनात येतं म्हणाली, तर तिच्या डॉक्टरांना सांगायचं. तुझ्या मनात आलं तरी तसंच.

तुमच्या संध्याकाळच्या साडेसहाला इथे पहाटेचे पाच वाजतात. मी हिशेब केला, त्याच्या रडण्याची वेळ ती माझ्या उठण्याची वेळ. सहावा आठवडा डिसेंबरच्या मध्यावर येतो. तेव्हापासून फोन उशाशी नाही, ओट्यावर चहाच्या डब्याशेजारी ठेवणार आहे. त्याला ठेव, बाहेर ये, फोन लाव. बोललं पाहिजे असं काही नाही. दूधवाला पाच-वीसला येतो, तेवढं एक मिनिट धरून राहा.

तुझी,
आई